नोटिशीवरची तारीख

20 फेब्रुवारी 2023, सोमवार. शाळेतून घरी आले तेव्हा दारात एक जाड पाकीट पडलं होतं. आत चार-पाच पानांचा फॉर्म होता आणि वर ठळक अक्षरात ‘फॉर्म 6ए’. घरमालकाने सेक्शन 21 ची नोटीस दिली होती आणि 24 एप्रिलनंतर घर रिकामं करा असं त्यात लिहिलं होतं. कारण काहीच दिलेलं नव्हतं, द्यावं लागतही नव्हतं. मी ते पाकीट फ्रीजवर ठेवलं आणि मुलांसाठी पोहे करायला घेतले.

ते पाकीट तिथे 21 दिवस पडून होतं. आज मागे वळून बघताना मला सगळ्यात जास्त हळहळ त्या 21 दिवसांची वाटते.

थोडं माझ्याबद्दल. मी मूळची सांगलीची. 2010 साली लग्न होऊन इंग्लंडमध्ये आले. पश्चिम लंडनमध्ये राहते आणि एका प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट आहे. 2020 मध्ये आम्ही नवरा-बायको वेगळे झालो, दोन्ही मुलं माझ्याकडे असतात. नोटीस आली तेव्हा थोरली 12 वर्षांची होती, धाकटा 7 वर्षांचा. भाडं कधी चुकवलं नव्हतं. घरमालक पंजाबी गृहस्थ होते, स्वभावाने चांगले. पण त्यांनी कर्ज काढून हे दुसरं घर घेतलं होतं. बँक ऑफ इंग्लंडचा दर डिसेंबर 2021 मध्ये 0.1 टक्का होता, तो 2023 च्या ऑगस्टपर्यंत 5.25 वर गेला. त्यांना हप्ता झेपेना, घर विकायचं होतं. मला त्यांचा राग आला नाही. राग यायलाही अंगात बळ लागतं.

पहिले काही आठवडे मी दुसरं घर शोधत होते. एजंटला फोन केला की पहिला प्रश्न पगाराचा. वर्षाचा पगार महिन्याच्या भाड्याच्या 30 पट हवा, नाहीतर जामीन राहायला घरदार असलेला माणूस आणा. माझा पगार आणि युनिव्हर्सल क्रेडिट हा सरकारी भत्ता मिळून घर चालत होतं, पण भाड्यासाठी सरकार जी रक्कम धरतं, ती लोकल हाउसिंग अलाउन्स, एप्रिल 2020 पासून गोठवलेली होती आणि पुढे एप्रिल 2024 पर्यंत तशीच राहिली. भाडी मात्र दर महिन्याला वाढत होती. दोन खोल्यांचं एक घर बघायला गेले तर बाहेर फुटपाथवर माझ्याआधी अकरा माणसं उभी होती.

कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, जायचं माझ्या डोक्यातच नव्हतं. कौन्सिल बेघरांसाठी असते, आणि बेघर म्हणजे स्टेशनबाहेर स्लीपिंग बॅगेत झोपलेली माणसं, असं मला वाटायचं. मला छप्पर होतं, नोकरी होती, मुलांच्या गणवेशाला इस्त्री होती.

हे पहिल्यांदा मी बोलले ते एका काकूंजवळ. लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे. गणपतीला, गुढीपाडव्याला तिथे जाणं व्हायचं, त्यातून काकूंची ओळख झाली. सत्तरीच्या आहेत. नोकरीत असताना त्यांनी बरीच वर्षं लोकांना भाड्याच्या आणि भत्त्यांच्या कागदपत्रांत मदत केली होती. मी फोनवर सहज म्हणाले, “काकू, घर बदलायचंय, कुठे ओळखीत असेल तर सांगा.” त्यांनी विचारलं, “बदलायचंय की सोडावं लागतंय?” मी गप्प झाले. मग त्या म्हणाल्या, “नोटीस आलीय का? काढ ती. तारीख वाच.”

मी तारीख वाचली. त्यांनी फोनवरच दिवस मोजले. म्हणाल्या, “अगं, तू दोन आठवड्यांपासून कायद्याने कौन्सिलच्या दारात उभी आहेस, आणि तुला पत्ताच नाही.”

त्यांनी जे समजावलं ते सांगते. हा सगळा कायदा इंग्लंडचा आहे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये नियम वेगळे आहेत. मूळ कायदा 1996 चा हाउसिंग ॲक्ट, त्याचा सातवा भाग. त्यात 2017 च्या होमलेसनेस रिडक्शन ॲक्टने मोठी भर घातली, ती 3 एप्रिल 2018 पासून लागू झाली. त्यानुसार पुढच्या 56 दिवसांत घर जाणार असेल तर माणूस ‘थ्रेटन्ड विथ होमलेसनेस’ ठरतो, आणि तेव्हा सेक्शन 21 ची वैध नोटीस 56 दिवसांच्या आत संपणार असेल तर तो थेट त्यात मोडायचा. मग कौन्सिलला घर टिकवायला किंवा दुसरं मिळवून द्यायला मदत करावीच लागते. याला प्रिव्हेन्शन ड्यूटी म्हणतात. माझे 56 दिवस 27 फेब्रुवारीलाच सुरू झाले होते.

14 मार्चला मी एकटी गेले. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. काउंटरवरच्या मुलाने नोटीस उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला, ही फक्त नोटीस आहे, तुम्ही अजून घरात आहात, बेलिफचं, म्हणजे घराचा ताबा घ्यायला येणाऱ्या कोर्टाच्या माणसाचं, पत्र आलं की या. मी थँक यू म्हणून बाहेर पडले. खरं तर मला बरंच वाटलं. मी बेघर नाही असं सरकारी माणसानेच सांगितलं होतं ना! बसस्टॉपवर बसून काकूंना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, “हे त्याने लेखी दिलं का?”

मग हेच आमचं पालुपद झालं. लेखी दिलं का?

27 मार्चला काकू माझ्याबरोबर आल्या. त्यांनी मला एक वाक्य पाठ करायला लावलं होतं आणि मी ते काउंटरवर म्हटलं: “मला हाउसिंग ॲक्ट 1996 च्या भाग सातखाली होमलेसनेसचा अर्ज करायचा आहे, आणि तुम्ही तो घेत नसाल तर नकार आणि त्याचं कारण लेखी द्या.” काउंटरवरचा माणूस वेगळा होता. तो आत गेला, वीस मिनिटांनी बाहेर आला आणि म्हणाला, अधिकारी तुम्हाला गुरुवारी फोन करतील. या अर्जाला ठरावीक फॉर्म लागत नाही, तो तोंडीसुद्धा करता येतो. समोरचा माणूस बेघर असेल किंवा होऊ शकेल असं मानायला काही कारण आहे, एवढंच दिसलं की कौन्सिलला चौकशी सुरू करावी लागते. ती पायरी कायद्याने मुद्दाम ठेंगणी ठेवली आहे. माझ्यासारखीला ती चढायला दोन फेऱ्या आणि एक काकू लागल्या.

फोनवरच्या मुलाखतीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्या वर्षात मला सगळ्यात लख्ख आठवते ती तीच.

माझं इंग्रजी कामापुरतं चांगलं आहे. तरी काकूंनी सांगितलं होतं की दुभाषा माग, तो फुकट मिळतो, कारण कागदावर तुझा एखादा शब्द चुकीचा गेला तर तो नंतर तुलाच निस्तरावा लागेल. मी मागितला. गुरुवारी फोन आला तेव्हा लाइनवर आम्ही तिघी होतो. मी, अधिकारी बाई आणि कुठल्या तरी गावी बसलेल्या मराठी दुभाषी ताई. त्यांचं नाव मला कळलं नाही. अधिकारी बाई एकेक प्रश्न विचारत होत्या. गेल्या पाच वर्षांतले पत्ते कोणते, घरात कोण कोण, आजार काय, पगार किती, बँकेत किती. धाकट्याचा दमा मी सांगितला. नवऱ्याबद्दल सांगितलं. सगळं ठीक चाललं होतं. शेवटी बाईंनी एक परिच्छेद वाचून दाखवला आणि दुभाषी ताई त्याचं मराठी करत म्हणाल्या, “तुमच्यावर बेघर होण्याची वेळ आलेली आहे असं कौन्सिलने मान्य केलं आहे.”

इंग्रजीत तो शब्द मी महिनाभर ऐकत होते. मराठीत तो पहिल्यांदा माझ्यासाठी वापरला गेला. मला बोलताच येईना. ताईंनी थोडं थांबून, बहुधा नियम मोडून, हळूच विचारलं, “ताई, पाणी घेता का?” मग अधिकारी बाईंना इंग्रजीत सांगितलं की क्लायंटला एक मिनिट हवं आहे.

फोन ठेवल्यावर मला आईची आठवण झाली. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी 45 ची. आमच्या गल्लीत तर पहिला मजला बुडाला होता. आई शेजारपाजाऱ्यांबरोबर एका शाळेत राहिली. वर्गातले बाक भिंतीला लावून, सतरंज्या टाकून. तिथून ती मला फोन करायची आणि कोण कोण आलंय ते सांगायची, जशी एखाद्या लग्नघरातून बोलत असावी. त्या शाळेत जायची लाज तिला वाटली नव्हती. पाणी सगळ्यांच्याच घरात आलं होतं. मला मात्र इथे वाटत होतं की पाणी फक्त माझ्या घरात आलंय. 2023 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त कुटुंबं कौन्सिलने दिलेल्या तात्पुरत्या जागांत राहत होती, हे मला फार उशिरा कळलं.

आईला मी काहीच सांगितलं नाही. व्हिडिओ कॉल करताना मागे भिंत दिसेल असं बसायला लागले, आधी सवय म्हणून आणि पुढे गरज म्हणून.

अर्ज मान्य झाल्यावर एक पत्र येतं, त्याला पर्सनलाइज्ड हाउसिंग प्लॅन म्हणतात. कौन्सिल काय करेल आणि तुम्ही काय करायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. माझ्या वाट्याला रोज घरं शोधणं आणि त्याची नोंद ठेवणं आलं. कौन्सिलच्या वाट्याला नवं खासगी घर मिळालं तर डिपॉझिटला आणि पहिल्या महिन्याच्या भाड्याला मदत, आणि घरमालकाशी बोलून बघणं. त्यांनी मालकांना फोन केला, हे मला मालकांनीच सांगितलं. पण विकायचं ठरलेलं घर फोनने कसं टिकणार? मी एक वही केली. तारीख, एजन्सी, भाडं, उत्तर. 63 नोंदी झाल्या. त्यातली दोन घरं मला बघायला मिळाली. ही वही पुढे फार उपयोगी पडली, कारण मी सहकार्य केलं नाही असं कुणाला म्हणताच आलं नाही.

नोटीस वैध आहे का हेही काकूंनी तपासायला लावलं. शेल्टर नावाची संस्था 1966 पासून हे काम करते, त्यांच्या हेल्पलाइनवर मी पाऊण तास वाट बघून बोलले. डिपॉझिट 30 दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवलं होतं का, गॅसच्या तपासणीचा दाखला दिला होता का, घराच्या ऊर्जेचं प्रमाणपत्र, ‘हाउ टु रेंट’ ही पुस्तिका? यातलं काही राहिलं असेल तर सेक्शन 21 ची नोटीस टिकत नसे. माझ्या मालकांनी सगळं नीट केलेलं होतं. मला क्षणभर वाईट वाटलं, आणि तसं वाटल्याचंही वाईट वाटलं.

24 एप्रिल आली आणि गेली. आम्ही घरातच होतो.

इथे बहुतेकांचा पाय घसरतो, आणि माझाही घसरणार होता. मालकांचा फोन आला. अगदी वडीलकीने म्हणाले, बेटी, कोर्टकचेरी कशाला, तू या महिन्यात घर सोड, मी तुला वर एक हजार पौंड देतो. मी तीन रात्री झोपले नाही. कुणाच्या घरात त्यांच्या मनाविरुद्ध राहणं आपल्या संस्कारात बसत नाही. आईने तर कान धरून बाहेर काढलं असतं. काकूंना म्हटलं, “मी सोडते, एखाद्या मैत्रिणीकडे राहू थोडे दिवस.” काकू पहिल्यांदाच आवाज चढवून बोलल्या, “सोडलंस तर कौन्सिल म्हणेल तू स्वतःहून गेलीस. मग हजार पौंड किती दिवस पुरवशील?”

नोटिशीची मुदत संपली म्हणजे भाडेकरार संपतो असं नाही. मालकाला कोर्टातून ताब्याचा हुकूम घ्यावा लागतो, तरीही माणूस गेला नाही तर कोर्टाचे बेलिफ. राहता येण्यासारखं घर त्याआधी आपण होऊन सोडलं, तर कौन्सिल ‘इंटेन्शनली होमलेस’ ठरवू शकते. म्हणजे जाणूनबुजून बेघर. हा शिक्का बसला की पुढचं मोठं कर्तव्य, म्हणजे घराची सोय करण्याचं, ज्याला मेन ड्यूटी म्हणतात, ते कौन्सिलवर राहत नाही. थोड्या दिवसांची सोय करतात आणि हात झटकतात. मी मालकांना जाऊन भेटले, हे सगळं समजावून सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे मी तुला कोर्टात नेलं तरच तुला घर मिळणार?” मी हो म्हटलं. दोघांनाही हे पटत नव्हतं आणि दोघांनाही दुसरा रस्ता नव्हता.

कोर्टाचं काम कागदावरच झालं, सुनावणी झाली नाही. मे महिन्यात दाव्याचे कागद आले. उत्तर द्यायला 14 दिवस होते. त्या फॉर्ममध्ये लगेच घर सोडणं फार अडचणीचं असेल तर जास्त मुदत मागता येते. साधारण 14 दिवस देतात, जास्तीत जास्त 42. मी धाकट्याच्या दम्याचं आणि शाळेचं पत्र जोडलं. 20 जुलैला हुकूम झाला आणि 31 ऑगस्टपर्यंत मुदत मिळाली. दाव्याची 355 पौंड फी माझ्यावर बसली. मी ती हप्त्यांनी भरली.

31 ऑगस्टनंतर मी पुन्हा कौन्सिलकडे गेले. सरकारची जी मार्गदर्शक संहिता आहे, तिच्यात स्पष्ट म्हटलं आहे की कोर्टाने दिलेल्या तारखेच्या पुढे माणसाला त्या घरात राहायला लावणं सहसा योग्य ठरणार नाही. तरी मला उत्तर मिळालं की जागा नाही, बेलिफची तारीख आली की या. या वेळी ते ईमेलने, म्हणजे लेखी मिळालं. यावर लीगल एडमधून, म्हणजे सरकारी खर्चाने, वकील करून भांडता आलं असतं. तेवढी ताकद माझ्यात उरली नव्हती. हे मी मोकळेपणाने सांगते, कारण हे वाचणाऱ्या एखादीतही ती उरलेली नसेल, आणि तिने स्वतःला बोल लावू नये.

बेलिफची तारीख आली 17 ऑक्टोबर. मंगळवार, नवरात्रातली तिसरी माळ.

त्या वर्षी मी घट बसवला नाही. नऊ दिवस जिथे दिवा तेवत ठेवायचा ती जागाच माझ्या हातात नव्हती. देव एका डब्यात, मऊ कापडात गुंडाळून माझ्या पर्समध्ये ठेवले. बाकी सामान 14 खोक्यांत भरलं. बेघर झालेल्या माणसाचं सामान सांभाळण्याची सोय करणंही कौन्सिलचं काम असतं, त्याचे पैसे मात्र ते घेऊ शकतात. हे मी आधीच ईमेलने मागून ठेवलं होतं. खोकी एका गोदामात गेली. वॉशिंग मशीन मी मालकांनाच देऊन टाकलं.

साडेदहाला दोन बेलिफ आले, बरोबर कुलूपवाला. सभ्य माणसं होती. एकाने विचारलं, जायला जागा आहे का? मी म्हटलं, कौन्सिलमध्ये जाते. मुलं शाळेत गेलेली. त्यांना सकाळी सांगितलं होतं की आज संध्याकाळी आपण दुसरीकडे झोपणार. धाकट्याने विचारलं, “माझा डायनोसॉर कोणत्या खोक्यात आहे?” मला आठवेना. थोरली काही बोलली नाही. तिने खोलीच्या दाराच्या चौकटीवर जिथे दरवर्षी उंचीची रेघ मारायचो, त्याचा फोनवर फोटो काढला आणि बॅग उचलली.

अकरा वाजल्यापासून मी कौन्सिलच्या हॉलमध्ये बसून होते. तीन वाजता शाळेने मुलांना माझ्या एका सहकारी मैत्रिणीबरोबर तिथे पाठवलं. चार वाजून चाळीस मिनिटांनी एक पत्ता हातात मिळाला. दुसऱ्या बरोमध्ये, म्हणजे दुसऱ्या कौन्सिलच्या हद्दीत, 11 मैल लांब, बेड अँड ब्रेकफास्टमधली, म्हणजे लॉजसारख्या ठिकाणची, एक खोली. काकूंनी बजावलं होतं, “समोर येईल ती जागा आधी घे. नको म्हणू नकोस. तक्रार नंतर.” नाकारली तर कौन्सिल म्हणू शकते की आमचं कर्तव्य संपलं. मी सही केली.

त्या खोलीत आम्ही सहा आठवडे काढले. तिसरा मजला, दोन पलंग, एक कपाट, खिडकी चार बोटं उघडायची. स्वयंपाकघर आठ खोल्यांमध्ये मिळून एक. आमच्या वाट्याला फ्रीजचा एक कप्पा. संध्याकाळी शेगडी मिळायची नाही, म्हणून मी पहाटे पाचला उठून वरण-भात लावायचे, दोन थर्मासमध्ये भरायचे. शाळेला दोन बस, एक तास वीस मिनिटं. माझ्या शाळेतल्या मुख्याध्यापक बाईंना मी सगळं सांगितलं होतं. त्यांनी धाकट्याला ब्रेकफास्ट क्लबमध्ये घेतलं, पैसे घेतले नाहीत. थोरलीने मैत्रिणींना पत्ता सांगितला नाही. 12 नोव्हेंबरला दिवाळी होती. पणती लावली तर अलार्म वाजेल, म्हणून बॅटरीचे दिवे आणले. शेजारच्या खोलीत एक सोमाली बाई तीन मुलांना घेऊन राहायची. तिला मी दुकानातल्या चकल्या दिल्या, तिने संध्याकाळची शेगडी मला दिली.

मुलं असलेल्या कुटुंबाला अशा जागेत सहा आठवड्यांहून जास्त ठेवता येत नाही, असा 2003 चा नियम आहे. तारीख मी वहीत लिहून ठेवली होती, 28 नोव्हेंबर. पाचव्या आठवड्यात त्या नियमाचा उल्लेख करून ईमेल केला. 27 ला आम्हाला स्वतंत्र फ्लॅट मिळाला. ज्यांनी ईमेल केला नाही त्यांनाही मिळायला हवा होता. ती सोमाली बाई तिथे दहाव्या आठवड्यात होती. मी तिलाही तोच ईमेल लिहून दिला.

एक गोष्ट पैशांची, जी मला कुणी आधी सांगितली नव्हती. या तात्पुरत्या जागेचं भाडं युनिव्हर्सल क्रेडिटमधून मिळत नाही. त्यासाठी कौन्सिलकडे हाउसिंग बेनिफिटचा वेगळा अर्ज करावा लागतो. मी तो तीन आठवडे उशिरा केला. ती थकबाकी निस्तरायला पुढे दोन महिने गेले.

घर गेल्याच्या दिवसापासून दुसरं 56 दिवसांचं चक्र सुरू होतं, ती रिलीफ ड्यूटी. ते संपल्यावर कौन्सिल ठरवते की मेन ड्यूटी लागू आहे का. त्यासाठी पाहतात की भत्त्याचा हक्क देणारा व्हिसा आहे का, खरंच बेघर आहे का, प्रायॉरिटी नीड म्हणजे इतरांआधी सोय करावी अशी गरज आहे का, आणि जाणूनबुजून घर घालवलं नाही ना. सोबत लहान मुलं असली की प्रायॉरिटी नीड आपोआप धरतात. घरगुती छळामुळे घर सोडलेल्या बाईलाही 2021 च्या कायद्यापासून तसंच धरतात. आणखी एक लोकल कनेक्शन असतं, म्हणजे त्या भागाशी नातं, राहण्याचं, नोकरीचं किंवा जवळच्या माणसांचं. माझी वही, नोटीस, कोर्टाचा हुकूम, भाड्याच्या पावत्या सगळं एका फाइलमध्ये होतं. जानेवारी 2024 मध्ये पत्र आलं. मेन ड्यूटी मान्य.

इथे एक थांबून सांगायलाच हवं, कारण आपल्यातले कितीतरी जण स्किल्ड वर्कर व्हिसावर आहेत. मला 2016 सालीच आयएलआर, म्हणजे इथे कायम राहण्याची परवानगी, मिळाला होता, म्हणून हे सगळं झालं. ज्यांच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टु पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी भत्त्यांचा हक्क नाही, असं आहे, त्यांना कौन्सिल या कायद्याखाली घर देत नाही. पण सल्ला कुणालाही मिळतो. मुलं असतील तर 1989 च्या चिल्ड्रन ॲक्टच्या कलम 17 खाली कौन्सिलच्या मुलांच्या विभागाकडे मदत मागता येते. जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या आणि छळामुळे घर सोडावं लागलेल्या बाईला होम ऑफिसकडे तीन महिन्यांची वेगळी सवलत मागता येते, त्यात तिला सरकारी मदत घेता येते. व्हिसा नवऱ्याच्या हातात आहे म्हणून मारहाण सोसत घरात राहिलेली बाई मी आपल्या मंडळींतच पाहिली आहे. तिला हे माहीत असतं तर ती दोन वर्षं आधी बाहेर पडली असती.

त्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या भिंतीला काळी बुरशी होती आणि धाकट्याचा पंप दिवसातून चार वेळा लागू लागला. मेन ड्यूटी लागल्यावर जागा योग्य नाही म्हणून फेरविचार मागता येतो, पत्र मिळाल्यापासून 21 दिवसांत. मी फोटो आणि डॉक्टरांचं पत्र लावून अर्ज केला. मार्च अखेरीस निकाल माझ्या बाजूने लागला आणि एप्रिलमध्ये आम्ही शाळेपासून वीस मिनिटांवरच्या जागेत आलो. तिथे सव्वा वर्ष राहिलो.

कौन्सिलच्या घरांच्या यादीत नाव होतं, दर आठवड्याला बोली लावत होते, पण त्या बोलीला पैसे नसतात, नंबर असतो, आणि माझा नंबर एकदाही पहिल्या शंभरात आला नाही. जून 2025 मध्ये कौन्सिलने एक खासगी फ्लॅट देऊ केला, किमान 12 महिन्यांच्या कराराचा. तो घेतला की मेन ड्यूटी संपते. आम्ही घेतला. दोन बेडरूम, दुसरा मजला, स्वयंपाकघराला खिडकी. खोकी गोदामातून आली. डायनोसॉर नवव्या खोक्यात होता. धाकटा आता त्याच्याशी खेळत नाही, तरी त्याने तो खिडकीत ठेवला.

2025 च्या रेंटर्स राइट्स ॲक्टने सेक्शन 21 संपवलं आहे, 1 मे 2026 पासून. यापुढे घर विकायचं असलं तर मालकाला ते कारण सांगून चार महिन्यांची नोटीस द्यावी लागते. चार महिने मिळाले असते तर मला घर सापडलं असतं का, सांगता येत नाही. पण निदान फ्रीजवर पडलेले 21 दिवस इतके महाग पडले नसते.

नव्या घरात गॅस सुरू झाला त्या संध्याकाळी मी आईला फोन लावला आणि मोबाइल हातात घेऊन सगळं घर फिरवून दाखवलं. मग ओट्यापाशी बसून दोन वर्षांतलं सगळं सांगितलं. नोटीस, कोर्ट, ती एक खोली, पहाटेचा वरण-भात. ती मधे काही बोलली नाही. मला वाटलं, रडत असेल, किंवा आधी का नाही सांगितलंस म्हणून रागावेल.

तिने विचारलं, “स्वयंपाकाला पहाटे पाचला उठायचीस?”

मी हो म्हटलं.

“आम्हाला तर पुरात शाळेत दोन्ही वेळा आयतं मिळत होतं,” ती म्हणाली.